आईचा दगड आणि वहिनीचा वाफा

आर्नदीसने तळ्याकाठची वाळू उकरून भांडं वर काढलं, झाकण उघडलं आणि पावात बोट खुपसलं. बोट थेट पिठात गेलं. चोवीस तास वाफाळत्या गरम जमिनीत पुरलेला काळा पाव, आणि कच्चा!

खड्डा तोच होता. त्याच्या खुणेचा दगड आईने ठेवलेला, साठ वर्षांपूर्वी. दर हिवाळ्यात गावजेवणाचा पाव याच खड्ड्यात शिजायचा. असा पाव सगळ्या दक्षिण आइसलँडमध्ये नाही, असं आर्नदीसचं ठाम मत होतं आणि ते ती कुणी न विचारताही सांगायची. गावजेवण उद्या संध्याकाळी सात वाजता होतं. म्हणजे आज उजेड असेपर्यंत नवं पीठ गरम जमिनीत गेलंच पाहिजे, नाहीतर पहिल्यांदाच पंगतीला बेकरीचा पाव येणार. नुसत्या कल्पनेनेच तिला रडू येऊ लागलं.

नाइलाजाने ती वहिनीकडे गेली. स्टेनवोर ही तिच्या दिवंगत भावाची बायको, तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली. तिला विचारायचं म्हणजे तास ऐकायचा, हे आर्नदीसला ठाऊक होतं.

"वन्सं, मंगळवारी भूकंपाचा धक्का बसला ना, तेव्हाच तुमचा खड्डा गेला," स्टेनवोर तापमापी घेऊन बाहेर येत म्हणाली. "असं बघा. आपण उभ्या आहोत तो वरचा पापुद्रा. त्याखाली जाडजूड तापलेला थर. आणि अगदी मध्ये जो गोळा आहे..."

"मधला गोळा राहू दे, वहिनी. तो काय माझा पाव शिजवायला येणार आहे?"

"बरं, पाण्याचं ऐका. पाऊस, बर्फ, सगळं खाली झिरपतं, तापल्या खडकाला टेकतं आणि फटीतून वर येतं. धक्क्याने तुमची फट मिटली, दुसरीकडे कुठेतरी उघडली असेल. पाणी काही तुमच्या आईचा दगड बघून येत नाही."

"साठ वर्षं येत होतं."

दोघींनी अख्खा काठ पालथा घातला. स्टेनवोर पावलागणिक तापमापी खुपसत होती. आर्नदीस बूट काढून नुसत्या मोज्यांवर फिरत होती, कारण आईने तसंच शिकवलं होतं. दोन तासांत एकीला काही सापडलं नाही आणि दुसरीचे पाय गारठून गेले. शेवटी कॉफी घ्यायला त्या परत वळल्या.

फाटकातच आर्नदीस थांबली. आत वहिनीचा वाफा होता, साखर घालून शिजवतात त्या आंबट देठांच्या रुबार्बचा. "वहिनी, तुझ्या या रुबार्बच्या वाफ्यावर बर्फ कसा नाही?"

"शेजारचा साफ करतो. भला माणूस आहे."

"तो? तो स्वतःची पायरी साफ करत नाही."

स्टेनवोरने वाफ्यात तापमापी खुपसली, वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली. भूगोलाच्या बाई चार दिवस त्या वाफ्यावरून ये-जा करत होत्या.

"माझी रुबार्ब!" ती शेवटी म्हणाली. "वीस वर्षांची मुळं आहेत ती, खणू नका. शिजतील."

"मंगळवारपासून शिजतातच आहेत. साखर घाल."

स्टेनवोरने एकदा वाफ्याकडे पाहिलं, एकदा नणंदेच्या ओल्या मोज्यांकडे. मग आत जाऊन फावडं घेऊन आली आणि पहिला घाव तिनेच घातला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाव पंगतीत आला, काळाभोर, मऊ, त्यावर लोणी वितळत होतं. "अगदी तुझ्या आईच्या हातचा," लोक म्हणाले. आर्नदीसने घसा खाकरला आणि भर पंगतीत पापुद्रा, थर, फट, पाणी, सगळं सांगितलं, रुबार्बसकट. मधला गोळा तेवढा विसरली. स्टेनवोर खाली मान घालून पाव खात राहिली, तिने एकही चूक काढली नाही.

सकाळी दारात धाप लागल्याचा आवाज आला म्हणून स्टेनवोरने दार उघडलं. आर्नदीस ढकलगाडीतून आईचा दगड उतरवत होती.

"हे काय, वन्सं?"

"पाणी दगड बघून येत नाही म्हणालीस ना," आर्नदीस कंबर धरून म्हणाली. "मग दगडच आणला. धर इकडून."

स्टेनवोरने दुसरी बाजू धरली.