मनकर्णा एकटी निघाली

आमच्या पोंभुर्णा भागात बाईमाणसाला एकटं कोणी पाठवत नाही. मोहफुलं वेचायला जायचं तरी चारचौघी गोळा होतात, कारण जंगलात वाघ आहे. त्यामुळे माझी बायको मनकर्णा एकटी उंबरठा ओलांडत नाही, हे वर्षानुवर्षं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. मलाही वाटायचं, शहाणी आहे.

खरं काय ते चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. बाजारात गेली की तिची छाती धडधडायची, हातपाय गार पडायचे, आता मेलेच असं वाटायचं. देवऋषी झाला, ईसीजी झाला, त्यात काही सापडेना. हा भीतीचा आजार आहे, बाई म्हणाल्या. गोळ्या दिल्या आणि तिला थोडं थोडं एकटीनं जायला लावलं. आधी तलावाच्या बांधापर्यंत, मग दुकानापर्यंत. पुढे तर मी धरलेली मासळी घेऊन ती बाजारात बसायची आणि अशी भांडायची की गिऱ्हाइकंच घाबरत. गोळ्या सुटल्या. आमच्या हर्षाचं लग्न झालं, ती धानोऱ्याला नांदायला गेली. "हे परत डोकं वर काढू शकतं. काढलं तर घरात बसू नका," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. सुखाच्या दिवसांत असलं कोण लक्षात ठेवतो?

यंदा उन्हाळ्यात त्या आजारानं डोकं वर काढलंच. मनकर्णा भरल्या बाजारातून टोपली तशीच घेऊन परत आली आणि भिंतीला टेकून बसली. त्यात हर्षाचे दिवस भरत आलेले. लेकीला तिकडच्या डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून सांगितलेलं, तेव्हा बाळंतपणाला आईनंच जायचं होतं.

"मी येतो संग," मी म्हटलं.

"नोका येऊ."

"काऊन? रस्ता जंगलाचा आहे. वाघ..."

"बसमधी वाघ येते का?" ती हसली. "तुमी आले तं मी पोचीन जी. पन मंग दर खेपेले मले तुमीच लागान. नातवाले न्हाऊ घालताना बी माहा हात धरून बसान का?"

मला राग आला. बायकोची सोबत करणं यालाच प्रेम म्हणतात, असं समजणारा माणूस मी. पण तिचं खोटं नव्हतं.

सकाळी स्टँडवर तिची पिशवी बसमध्ये ठेवून दिली. ती चढली. बस निघाली तसा मी मागे धावलो, मग स्वतःलाच एक शिवी हासडून थांबलो.

घरी जाववेना. बस मूल गावाच्या अलीकडे असेल, तेव्हा तिचा फोन आला. "लय धडधडून राह्यलं जी."

उतर, मी गाडी घेऊन येतो, असं अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं.

"धडधडू दे," मी म्हटलं. "खिडकीजवळ बसली का?"

"बसली."

मग कितीतरी वेळ नुसती बसची घरघर आणि तिचा श्वास.

"कमी होऊन राह्यलं," ती म्हणाली. "ठेवा आता."

"राहू दे ना चालू."

"ठेवा ना जी. तुमी कानाशी असले, तं एकटी कुठी आली मी?"

मी फोन ठेवला आणि स्टँडच्या बाकावर बसून लेकरासारखा रडलो. तिला ते ऐकू गेलं नाही, हे बरं झालं.