स्वच्छ प्रत

सांगूनच टाकते एकदाचं. काकांनी तेहतीस वर्षं जे लिहिलं, ते मी चार दिवसांत खोडलं. रबराने. तेही कुणी सांगितलेलं नसताना, स्वतःच्या हौसेनं.

काका माझ्या नात्यातले नव्हेत. मोजमापाची यंत्रं दुरुस्त करणारी आमची एक खोली होती, कारखान्याच्या मागच्या अंगाला. ऑसिलोस्कोप, सिग्नल जनरेटर, व्होल्टमीटर, जे बिघडेल ते आमच्या टेबलावर यायचं. काका तिथले मुख्य. सगळेच त्यांना काका म्हणायचे, अगदी त्यांच्याहून वयानं मोठा असलेला दारावरचा पहारेकरीसुद्धा. त्या खोलीत मी एकटी बाई, आणि मला सगळे 'फ्यूज' म्हणायचे, कारण मी पटकन उडायचे. अजूनही उडते. भाजीवाला, डॉक्टर, जावई, कुणाची गय नाही. पण या वेळी उडायचं तर कुणावर? शेण खाल्लं ते मीच.

आमच्या खोलीची एक पद्धत होती. कुणाला एखादी नवी खोड सापडली की ती काकांना सांगायची. काका दुसऱ्या दिवशी स्वतः ते यंत्र उघडून बसायचे, मोजून बघायचे, पटलं तरच यंत्राबरोबर आलेल्या कंपनीच्या पुस्तकात पेन्सिलीनं लिहायचे. पटलं नाही तर नुसतं "हं" करायचे, आणि ते "हं" आठवडाभर कानात राहायचं. पेन्सिल एकदम मऊ शिशाची. कागदावर वळ उठलेला त्यांना खपायचा नाही.

"पेनानं का नाही लिहीत?" मी एकदा विचारलं होतं.

"पेनानं लिहिलं की चूकसुद्धा कायमची होते," ते म्हणाले. "उद्या कुणाला माझी चूक सापडली तर खोडता आली पाहिजे."

आमच्याकडच्या सगळ्यात मोठ्या ऑसिलोस्कोपचं पुस्तक तर त्यांनी भरून टाकलं होतं. बाण, आकडे, "इथे हात लावू नये", "आधी हे बघ, मग रड". अक्षर म्हणाल तर दिव्य. खोली बंद झाली, यंत्रं भंगारात गेली, तेव्हा काकांनी ते पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिलं.

"सांभाळ," एवढंच म्हणाले.

सांभाळलं. सोळा वर्षं कपाटात, साड्यांच्या खाली.

मग निवृत्तीनंतर भाचीनं मला इंटरनेटवर एक विकी दाखवला. जुन्या मोजमाप यंत्रांचा विकी. जगभरातले आमच्यासारखे खुळे लोक मिळून तो लिहितात. प्रत्येक यंत्राचं एक पान, कुणी फोटो टाकतो, कुणी नकाशे, कुणी चुका सुधारतो. मी बघतच राहिले. माहेरचा पत्ता सापडल्यासारखं वाटलं मला. दोन महिन्यांत मी अकरा पानांवर लिहिलं. कुणी उगाच वाद घातला की भाचीकडून उत्तर लिहून घ्यायचे. ती म्हणायची, "मावशी, जरा सौम्य लिहू या का?"

त्या मोठ्या ऑसिलोस्कोपच्या पानावर मात्र एकच ओळ होती: सर्व्हिसचं पुस्तक कुणाकडेच नाही, असल्यास कृपया द्यावं.

माझ्याकडे होतं!

विकीवर स्कॅन करण्याच्या सूचना होत्या. त्यात लिहिलं होतं, प्रत शक्यतो स्वच्छ असावी. आता शहाण्या माणसाला कळेल की पान वाकडं नको, अंगठ्याची सावली नको, एवढंच त्यांना म्हणायचंय. पण माझी बुद्धी कुठे चरायला गेली होती कुणास ठाऊक. मी पुस्तक उघडलं आणि मला लाजच वाटली. सगळीकडे पेन्सिलीचा राडा. म्हटलं, जगातले लोक बघणार, ते काय म्हणतील? पाहुणे यायच्या आधी घर आवरतात ना, तसं आवरायला बसले. पांढरं मऊ रबर आणलं. चार दिवस, सकाळी चहा झाला की बसायचं ते जेवायला उठायचं. आकृती फाटू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून, हलक्या हातानं. मऊ शिसं ते, झरझर निघालं. रबराचा चुरा मी फुंकरीनं उडवत होते आणि गुणगुणत होते. हो, गुणगुणत होते! आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मग स्कॅन केलं, विकीवर चढवलं. कौतुकाचा नुसता पाऊस. एकानं लिहिलं, इतकी स्वच्छ प्रत आजवर पाहिली नाही. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. जावयालासुद्धा फोन करून सांगितलं.

महिन्याभरानं दुसऱ्या देशातल्या एका शिक्षकाचा निरोप आला. त्याच्याकडे तोच ऑसिलोस्कोप होता, त्याच्या माहितीत चालू होण्याजोगा तेवढाच उरलेला. त्यानं विचारलं होतं की हाय व्होल्टेजच्या भागातला एक रेझिस्टर आकृतीत सत्तावीस हजार ओहमचा दाखवलाय आणि मागच्या सुट्या भागांच्या यादीत सत्तेचाळीस हजारांचा. तुमच्या खोलीत कोणता लावायचे? काही नोंद आहे का?

निरोप वाचला तेव्हा लगेच पुस्तक काढलंसुद्धा नाही. कारण ती जागा मला डोळे मिटून दिसत होती. त्या रेझिस्टरपासून निघालेला एक लांब बाण समासापर्यंत गेला होता, आणि तिथे काकांच्या अक्षरात होतं, "दोन्ही चूक". त्याखाली बरोबरचा आकडा. तो आकडा काय होता? काही केल्या आठवेना. मी पुस्तक काढलं. पान खिडकीशी तिरकं धरलं, भिंगानं बघितलं, बोट फिरवलं. काकांनी कागदावर वळ उठू दिला नव्हता, आणि माझ्या रबरानं उरलंसुरलं पुसलं होतं. शेजारच्या पानावर काय होतं, तेही आठवेना. तेव्हा कुठे मला कळलं की मी नुसता एक आकडा नाही, सगळं घालवलंय.

आता त्या शिक्षकाला काय कळवायचं? खोडून टाकलं म्हणून? जीभ रेटेना. नुसतं 'दोन्ही चूक' एवढंच कळवावं, तर कुठे लिहिलंय ते दाखवा म्हणाला असता. आज लिहू, उद्या लिहू करत आठ दिवस गेले. त्यानं बिचाऱ्यानं वाट बघितली आणि शेवटी आकृतीतला सत्तावीस लावला. ट्रान्सफॉर्मर जळाला. तसा आता कुठे मिळत नाही. त्यानं लिहिलं, "तुमचा काही दोष नाही, छापलेलंच चुकीचं होतं. कुणीतरी आधी कुठे लिहून ठेवायला हवं होतं, एवढंच."

त्या दिवशी मी दोनदा जेवायला बसले आणि दोनदा उठले. मग पुस्तक पिशवीत घातलं आणि काकांकडे गेले. म्हटलं, त्यांना जेवढं आठवतंय तेवढं तरी लिहून घेऊ.

काका आता लेकीकडे असतात. ऐंशी उलटलेत, वर्षभरापूर्वी अर्धांगवायूचा झटका येऊन गेला. दार उघडता उघडता लेक हळूच म्हणाली, "मावशी, कधी ओळखतात, कधी नाही. वाईट वाटून घेऊ नका."

ओळखलं त्यांनी. "फ्यूज! ये, ये," म्हणाले. तोंड एका बाजूनं हसलं. मी शेजारी स्टूल ओढून बसले आणि सरळ त्या रेझिस्टरचं विचारलं.

"पुस्तकात आहे," काका म्हणाले.

"हो, पण आकडा कोणता होता, काका?"

"पुस्तकात लिहिलंय की."

लेक म्हणाली, "हल्ली हे असंच चालतं. काही आठवलं नाही, की पुस्तकात आहे म्हणतात. आणि मग शांत झोपतात."

"डोक्यात कशाला ठेवायचं?" काका म्हणाले. "मी लिहून ठेवलंय, आणि हिच्याकडे दिलंय." आणि त्यांनी माझ्या हातावर थोपटलं.

मला वाटलं, तसंच उठावं आणि घरी जावं. त्यांना कधी कळलंही नसतं. पण त्यांचा तो हात माझ्या हातावर तसाच होता.

"काका, मी पुस्तक खोडलं," मी म्हणाले. "तुमची सगळी पेन्सिल. लोकांना स्वच्छ दाखवायचं म्हणून."

त्यांनी हात पुढे केला. मी पुस्तक दिलं. लेकीनं चष्मा लावून दिला. एक पान उलटलं, दुसरं उलटलं, मग मध्येच उघडलं. बोट समासातून खाली खाली नेत होते.

"सगळं?"

"सगळं."

ओरडायला हवं होतं त्यांनी. पूर्वी मीटरची नुसती वायर उलटी लावली तरी छप्पर उडायचं. मी वाट बघत होते. ओरडले असते तर पाय धरून रडता आलं असतं.

ते ओरडले नाहीत. पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं आणि मला म्हणाले, "मग मी तिथे काय करत होतो ग?"

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच आठवत नव्हतं. ते मला विचारत होते.

"अहो काका, काय म्हणजे? सगळी खोली तुमच्या लिहिण्यावर चालायची," मी घाईघाईनं म्हणाले. "त्या हाय व्होल्टेजच्या पानावर आकृती एक सांगत होती, यादी दुसरंच. कंपनीला कळलं नाही, ते तुम्हाला कळलं. तुम्ही मोजलंत आणि लिहिलंत, दोन्ही चूक."

काकांचा चेहरा उजळला. खुर्चीत जरा सरळ झाले. लेकीकडे बघितलं, ऐकलंस का, असं. मग माझ्याकडे वळले.

"बरोबर काय होतं मग?"

लेकसुद्धा माझ्याकडे बघत होती.

"मला माहीत नाही, काका," मी म्हणाले.

ते थांबले होते, अजून पुढचं सांगेन म्हणून.