कर्नलसाहेबांची गोरखाली

मी मेथी निवडत होते, तेवढ्यात हे खुर्चीतून उठले. मोज्यातल्या टाचा जुळवल्या, हात जोडले आणि माझ्याकडे बघत तेच ते वाक्य म्हणाले. गोरखालीत.

“हो हो, कळलं. चहा टाकते,” मी म्हणाले.

दोन महिने हेच चाललं होतं. विसरण्याच्या आजारात ह्यांची मराठी गेली, इंग्रजी गेली, माझं नाव गेलं, आणि एकविसाव्या वर्षी पलटणीत शिकलेली भाषा तेवढी राहिली. गोरखा जवानांशी त्यांच्याच भाषेत बोलायचं, हा तिथला शिरस्ता. नवा अधिकारी आधी गोरखाली शिकायचा. मी मेली कधी शिकले नाही. ‘ती माझी सवत आहे,’ असं मेसमध्ये सगळ्यांसमोर म्हणायचे, आणि हे खो खो हसायचे. आता भोगतेय.

तरी मी मनाची समजूत घातली होती. डोळ्यांत पाणी आणून म्हणतात, म्हणजे माझ्याचसाठी काहीतरी असणार. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात राहून गेलेलं. म्हणून मी हसून मान डोलवायची.

“आई, मी भाषांतराचं ॲप लावून बघितलं,” आमची लेक प्रीता म्हणाली. “बाबा इतकं पुटपुटतात ना, त्याला काही कॅच होत नाही.”

मग मला गुरुंग आठवला. इथे अमेरिकेत, अर्विंगमधल्या आमच्या नेहमीच्या ग्रोसरीत भाज्या लावतो. त्याचा आजोबा इंग्रजांच्या गोरखा पलटणीत. सत्तेचाळीस साली पलटणींची वाटणी झाली, काही इंग्रजांकडे गेल्या, बाकीच्या भारतात राहिल्या. बाप भारताच्या पलटणीत लागला, आणि हा स्वतः तिथूनच हवालदार म्हणून निवृत्त झालेला. “अब नेपाल से भर्ती बंद है, मेमसाब. हमारे घर में मैं आख़िरी,” असं कोथिंबिरीवर पाणी मारता मारता त्याने मला सांगितलं होतं. त्याला रविवारी जेवायला बोलावलं.

कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला. दारातच सॅल्यूट ठोकला. ह्यांचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू. दोघं तासभर बोलत होते, हे मधेच हसतसुद्धा होते. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. माझ्या वाट्याला तेवढं एक वाक्य, आणि ह्या कालच्या माणसाला सगळं.

मी श्रीखंडाचं पातेलं घेऊन बाहेर आले. हे लगेच उठले. टाचा जुळल्या, हात जोडले, तेच वाक्य. गुरुंगने मान खाली घातली.

“क्या बोलते हैं?”

“जाने दीजिए, मेमसाब.”

“दो महीने से सुन रही हूँ. बताइए.”

त्याने ताट बाजूला सरकवलं. “साब आपको कुशबहादुर की घरवाली समझते हैं. कहते हैं, बहन, तेरे आदमी को मैं वापस नहीं ला सका. माफ़ी माँगते हैं.”

कुशबहादुर मला माहीत होता. ह्यांच्याच कंपनीतला. गस्तीवर असताना बर्फाखाली गेला. त्याची ट्रंक घेऊन हे स्वतः चार दिवस पायी चालत त्याच्या गावी गेले होते. परत आले ते आठवडाभर बोलले नाहीत, आणि मी मात्र ह्यांनी प्रीताचा वाढदिवस चुकवला म्हणून फुगून बसले होते.

आणि आता दोन महिने हा माणूस माझी माफी मागत होता. मी हसत होते. चहा टाकते म्हणत होते. मला स्वतःचीच इतकी लाज वाटली की पातेलं हातातून खाली ठेवता येईना.

हे अजून उभेच होते.

“तुमची चूक नाही, हे कसं म्हणायचं?” मी गुरुंगला हिंदीत विचारलं.

त्याने सांगितलं. मी मनात दोनदा घोकलं. मग पातेलं टेबलावर ठेवलं, डोक्यावर ओढणी घेतली, ह्यांच्यासमोर गेले आणि म्हणाले, “हजुरको दोष होइन.”

हळूहळू ह्यांचे हात खाली आले. खुर्चीत बसले आणि मग अगदी हलक्या आवाजात काहीतरी बोलले.

गुरुंग रुमालाने डोळे पुसत होता. “कहते हैं, तेरा आदमी बहुत अच्छा था.”

“हो,” मी म्हणाले. “फार चांगला होता.”

आणि ह्यांच्या ताटात श्रीखंड वाढलं.