ओसरतंय म्हणजे नक्की काय

दुपारी इस्पितळातून नर्सचा फोन आला तेव्हा टोर्लेव्ह कॉफीच्या दुसऱ्या कपावर होता. नर्स म्हणाली, "तुमच्या बायकोचं हळूहळू ओसरतंय. जमलं तर आज येऊन जा." टोर्लेव्हने तिचे मनापासून आभार मानले आणि पावावर चीज लावून आणखी एक तुकडा खाल्ला.

चाळीस वर्षं त्याने समुद्रावर कॉड मासा पकडला होता. त्या चाळीस वर्षांत 'ओसरणं' हा शब्द त्याला फक्त रेडिओने ऐकवला होता : नैऋत्येचा वारा, संध्याकाळपर्यंत ओसरेल. तो कानावर पडला की बेटावरचे पुरुष जाळी उचलत आणि बायका डबे भरायला घेत. बेटावर याहून शुभ शब्द नव्हता. लग्नात पाद्रीबुवा जे काही म्हणत, तेही याच्या खालचंच.

म्हणून तो तीनच्या बोटीने पलीकडच्या किनाऱ्यावरच्या इस्पितळात गेला नाही. बोर्गिल्डचं दुखणं ओसरतंय, मग घाई कशाला? उद्या जाऊ, दाढीबिढी करून.

तीन वाजून गेल्यावर शेजारची ओड्वेग कुंपणाशी आली. तीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवलेली बाई. ती निवृत्त झाली तरी शेजाऱ्यांची शाळा काही सुटली नव्हती. टोर्लेव्हने तिला खुशखबर दिली.

"ओसरतंय? काय ओसरतंय?"

"म्हणजे?"

"अरे, वाक्याचा कर्ता कोण? दुखणं की बोर्गिल्ड?"

"ते नाही सांगितलं तिने."

"आणि तू विचारलं नाहीस."

"ओसरतंय म्हटल्यावर कोण विचारतं गं?"

ओड्वेगने व्याकरण तिथेच सोडलं. असं तिने केलेलं बेटाने कधी पाहिलं नव्हतं.

"बऱ्या होणाऱ्या माणसाकडे 'आज येऊन जा' म्हणून बोलावतात का रे?" ती हळूच म्हणाली.

तो तसाच घरातल्या चपलांवर धक्क्याकडे पळाला. बोट खाडीच्या तोंडाशी पोचली होती. त्याने दोन्ही हात हलवले. डेकवरच्या कुणीतरी उलट हात हलवून त्याला निरोप दिला. पुढची बोट उद्या सकाळी आठला. त्याची स्वतःची होडी दोन वर्षांपूर्वी एका जर्मन माणसाने घेतली होती, आणि ती आता त्या जर्मनाच्या सुट्टीतल्या घरापुढे पोटात माती भरून फुलझाडं सांभाळत होती.

त्याने तिथूनच इस्पितळाला फोन लावला. या वेळी नर्स दुसरीच होती.

"जाग्या आहेत, पण बोलवत नाही त्यांना. फोन कानाशी धरू?"

"धरा."

पलीकडून श्वास ऐकू येऊ लागला. मध्येच थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा.

"बोर्गिल्ड, मी आहे. मला वाटलं, तू बरी होतेयस."

श्वास.

"मला वाटलं, दुखणं गं."

श्वास. मग लांबून नर्सचा आवाज : "बोलत राहा तुम्ही. ऐकतायत त्या."

बेचाळीस वर्षांच्या संसारात दोघांमधलं बोलायचं खातं बोर्गिल्डकडे होतं. टोर्लेव्हने इकडेतिकडे पाहिलं आणि धक्क्यावर जे दिसत होतं ते सांगायला सुरुवात केली. माशांची सहा खोकी आहेत, त्यातलं एक फुटलंय. पलीकडे एक कुत्रं बसलंय, बहुतेक दुकानवाल्याचं, तांबूस, एक कान पडलेला.

कुत्रं उठून गेलं, तेव्हा तो पुन्हा खोक्यांकडे वळला.