तीन सरक्या राहिलेली उशी

मित्रांनो, मी एक जुनी उशी आहे, पण माझ्यावर डोकं ठेवून कोणी कधी झोपलं नाही. माझा आकार गोल आणि मध्ये भोक. हसू नका. ज्याला बसताच येत नाही, त्याला या भोकाची किंमत ठाऊक असते.

तिवस्याच्या पंचफुलाबाईंना शौचाच्या वाटेवर, गुदाशयात, कॅन्सरची गाठ झाली होती. अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, आधी पंचवीस दिवस रेडिएशन आणि गोळ्या, मग दोन महिने थांबून तपासणी, मग ऑपरेशन. रोज एस्टीने जायचं आणि सीटवर तर टेकवेना. म्हणून अमरावतीतच राजापेठेतल्या अब्दुल सत्तार पिंजाऱ्याकडून त्यांनी मला करून घेतलं. कापूस घरून आणला, स्वतः वेचलेला, त्यातलं बी म्हणजे सरकीही स्वतःच काढलेली.

"पिंजू नका, सत्तारभाऊ, नुसता भरून द्या. माह्या हातच्या कापसात कचरा नसते," त्या तोऱ्यात म्हणाल्या.

हात त्यांचा खरंच नामी होता. त्या वर्षांत वऱ्हाडात कपाशीचं पीक बुडाल्याच्याच बातम्या असायच्या, पण वेचणीला पंचफुलाबाईंना बोलावणं आलं नाही, असा हंगाम गेला नाही. माझ्या पोटात मात्र तीन सरक्या राहिल्या होत्या. मला ठाऊक होतं, पण सांगणार कशी?

पंचवीस दिवस मी मुकाट दबले. रस्त्यात खड्डा आला की त्या माझी कड मुठीत आवळत. मग हळूहळू शौचातून जाणारं रक्त थांबलं, मूठ सैल झाली आणि एक दिवस त्यांनी मला फडताळावर ठेवून दिलं. मला आनंद झाला. खरं सांगते, थोडं वाईटही वाटलं.

तपासणीची तारीख आली ती नेमकी वेचणीच्या भरात. पंचफुलाबाई अमरावतीला गेल्या, पण दवाखान्यात नाही, मला घेऊन सत्तारभाऊंच्या दुकानात.

"हिले उसवा अन् नातीची उशी करा. मले आता काईच नाही. रक्त बंद, दुखणं बंद. कायले पोट फाडून घेऊ?"

सत्तारभाऊंनी वाद घातला नाही. "बाई, एकदा दाबून पाहा. आत सरकी हाये का?"

पंचफुलाबाईंनी मला चहूबाजूंनी चाचपलं. "एक बी नाही."

सत्तारभाऊंनी शिवण उसवून माझा कापूस पिंजणीच्या तारेवर घेतला. तार झणझणली, कापूस उडू लागला आणि एकामागून एक तीन सरक्या फरशीवर पडल्या.

पंचफुलाबाईंचा चेहरा पार उतरला. चाळीस वर्षं कापूस ओळखणारा हात फसला होता.

"तुमच्या हाताले कापसातलं नाही समजलं, मंग पोटातलं कसं समजन?" सत्तारभाऊ म्हणाले. "डॉक्टरले पाहू द्या. नातीची उशी मंग करू." त्यांनी मला होते तशीच शिवलं, दुकानाच्या फळ्या लावल्या आणि ते दवाखान्यापर्यंत सोबत गेले.

फोटोत गाठ खूप आकसलेली दिसली. डॉक्टर म्हणाले, औषधाने छान काम केलं आहे, पण काम पुरं झालेलं नाही. ऑपरेशन झालं. काढलेला भाग तपासला, तर एका कोपऱ्यात कॅन्सरच्या थोड्या पेशी जिवंत सापडल्या. काही महिने शौचासाठी पोटावर पिशवी लावावी लागली. पंचफुलाबाई चिडल्या, लाजल्या, रडल्या आणि शिकल्या. मीही पुन्हा कामाला लागले. कोणाची गाठ औषधाने पार विरते, कोणाची जागची हलत नाही. बाहेरून ते कळत नाही, हे मी माझ्या पोटावरून सांगते.

पाच वर्षांनी त्या तपासणीला गेल्या, तेव्हा मीही त्यांच्या कापडी थैलीत होते. धारणीहून आलेले देवमन नावाचे गृहस्थ भिंतीला टेकून उभे होते. शेजारचा बाक रिकामा होता. पंचफुलाबाईंना सांगावं लागलं नाही. त्यांनी मला बाकावर ठेवलं.

"बसा, भाऊ."

देवमन जपून टेकले आणि त्यांनी डोळे मिटले. मग विचारलं, "वापस कवा देऊ, बाई?"

"डॉक्टर आतलं पाहून म्हणन, तवा. त्याच्या आधी कितीबी बरं वाटलं, तरी हिले उसवू नका."

मित्रांनो, आता माझं कापड विरलं आहे, पण मागणं एकच आहे. बरं वाटलं की मला खुशाल फडताळावर ठेवा. तपासणीची तारीख तेवढी फडताळावर ठेवू नका.