चुना लावलेलं काचघर

मी केडगावचं एक जुनं काचघर आहे. घर म्हणायचं एवढंच. माणूस वाकून आत शिरला तर कसाबसा उभा राहतो. सन पंचेचाळीस साली शांतवन सुतारानं शाळेच्या टाकून दिलेल्या खिडक्या जोडून मला परसात उभं केलं, ते बायको मार्थाच्या हौसेसाठी. मार्थानं विहिरीच्या ओल्या दगडांतून हंसराजाची नऊ रोपं आणली होती. काळ्या दोऱ्यासारखे देठ, नाजूक पानं. बाहेरच्या कोरड्या वाऱ्यात ती जगत नसत.

मित्रांनो, मला एक कोडं पडलं होतं. ऊन काचेतून आत येतं, मग त्याची धग बाहेर का जात नाही? पहिल्या उन्हाळ्यात आठ रोपं करपली, पण उत्तर काही मिळालं नाही. पावसाळ्यात मार्था तापानं गेली. तेव्हापासून शांतवन रोज सकाळी उरलेल्या रोपापाशी बसे. खालच्या विटांवर पाणी शिंपडे, हवेसाठी वरची फळी उघडे. ते रोप गेलं असतं तर मार्थाच्या हातचं काहीच उरलं नसतं.

नाताळ आला. यंदा घराला चुना लावायचं त्याच्या मनात नव्हतं. तो कामावर गेला असताना शेजारच्या दगडाबाईनं सगळं घर पांढरं केलं, आणि मलाही.

संध्याकाळी तो बघतच राहिला. "दगडाबाई, काचेला कुणी चुना लावतं का?"

"तुमीच घर म्हनता ना त्याला? मार्थाबाई असती तर एक भिंत कोरी ठिवली नसती."

दुसऱ्या दिवशी पटाशीनं त्यानं एक काच खरवडली, पण पुढे हात चालेना.

चैत्रात ऊन तापलं. चुन्यातून उजेड ताकासारखा पातळ होऊन आत येई. रोपाला नवी पानं फुटली. खरवडलेल्या काचेखालची पानं मात्र जळाली. शांतवननं तिथं हात धरला, मग शेजारच्या चुना लावलेल्या काचेखाली, मग पुन्हा तिथं. मग वाटीत चुना कालवून तो कुंपणापाशी गेला.

"दगडाबाई, एक काच राहिलीय. तुमच्याच हातानं लावा."

"आन् तवा काय म्हनला हुता?"

"चुकलं माझं."

ती पदर खोचून आली.

आता त्या रोपाची बारा झाली आहेत. एक दगडाबाईच्या रांजणाखाली आहे.

मित्रांनो, काचघर बांधलंत तर विटा ओल्या ठेवा, वरची फळी उघडत जा, होळी झाली की काचांना चुना लावा. आणि कुणी मायेनं काही वेडंवाकडं केलं, तर खरवडायची घाई करू नका. एक उन्हाळा जाऊ द्या.