एका धुराड्याच्या दोन शेकोट्या

मित्रांनो, मी शेतावरचा एक जुना बंगला आहे. गेल्या वर्षी आमच्या दादांना धाकट्या बहिणीचे पत्र आले. 'बंगल्याला गिऱ्हाईक आले आहे. विकू या का? दोघांचा आहे. तू नको म्हणालास तर राहू दे.' दादा ते रोज वाचत आणि पुन्हा पुस्तकात ठेवत. माझा जीव टांगणीला. पण उत्तर काही जाईना.

माझा जन्म परक्या सत्तेच्या काळातला. एका गोऱ्या मळेवाल्याने मला बांधले. जाडजूड दगडी भिंती, चुन्याचा गिलावा, तिन्ही बाजूंना व्हरांडा. मायदेशाच्या आठवणीने त्याने एवढ्या उकाड्यातही भिंतीत दोन शेकोट्या करवल्या, एक खाली, एक बरोबर तिच्या वर. धुराडे दोघींत एकच.

"साहेबाला घाम कमी पडतो वाटतं!" गवंडी हसले होते.

साहेब गेला. दादांच्या वडिलांनी मला घेतले. शेकोट्यांचा खरा उपयोग मात्र मुलांना सापडला. लाजाळू दादा चारचौघांत तोंड उघडत नसत. पण खालच्या शेकोटीत मान घालून बोलले, की वर धाकट्या बहिणीला, साळूला, सगळे ऐकू जाई.

"अरे मुखदुर्बळा, सहलीला जायचंय म्हणून बाबांना सांग ना!"

"तूच सांग, साळू. माझी जीभ टाळ्याला चिकटते."

"मग बाबांनाच आणून बसवू का इथं?"

मी पोटातल्या पोटात हसायचो.

साळू सासरी गेली. वरची खोली बंद झाली. माझी कौले सरकली, कठड्याला वाळवी लागली. यंदा धुराड्यातून पाणी गळू लागले, तेव्हा गवंडी आला.

"आजोबा, हे भोक बुजवून टाकू. काय उपयोग त्याचा?"

"नको, नको! त्यातून आमची साळू बोलते."

गवंड्याने जिन्याकडे पाहिले. "वर आहेत का त्या?"

दादा गोरेमोरे झाले. "नाही. मी बोलावलंच नाही तिला."

"मग बोलवा की! तोवर मी धुराड्यावर टोपी बसवतो."

दादांनी कितीतरी कागद फाडले. शेवटी शेकोटीपाशी बसून वाक्य आधी मोठ्याने म्हटले, मग तेच लिहिले. 'विकायचा नाही. तू ये. वरची खोली झाडून ठेवतो.'

मित्रांनो, जुन्या घराची कौले जरूर शाकारा. पण त्याआधी त्यातल्या माणसांना हाक मारा. भिंती मग आपोआप तग धरतात.

माझ्या व्हरांड्यातून फाटकाबाहेरची टपालपेटी दिसते. दादांनी पत्र आत टाकले, आणि वाकून पेटीच्या फटीपाशी काहीतरी बोलले. मला ऐकू आले नाही. पण अशी मान वाकवून ते आजवर एकाच जागी बोलले आहेत.